स्वतंत्र बाण्याचा कुत्रा आणि त्याचे घर

पानिपत शहराबाहेर काही मैलांवर असलेल्या काला अंब या ठिकाणाची मराठी वाचकाला निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या मैदानावर मराठ्यांचा अहमदशाह अब्दालीशी निर्णायक संग्राम झाला, त्या मैदानावर एक आम्रवृक्ष होता आणि रणात सांडलेल्या रक्ताने तो काळवंडला, अशी परंपरागत समजूत आहे. वृक्ष केव्हाच नाहीसा झाला. आज तेथे स्मारकस्तंभ आणि बाग आहे. सभोवतालच्या मुलखात गव्हाची आणि भाताची शेते आहेत, ब्लँकेटे व चादरी विणणारे पानिपत शहर त्या शेतांच्या दिशेने वाढत आहे, आणि दिल्लीहून अमृतसरकडे जाणाऱ्या राजमार्गावर अहोरात्र रहदारी चालू असते.

अशा गावकुसाच्या मुलखात कुत्रा हटकून आढळतो. मध्यम बांध्याचा, तांबूस किंवा पिवळसर रंगाचा, उभ्या अथवा किंचित वाकलेल्या कानांचा, वर वळलेल्या शेपटीचा हा प्राणी कोणाचाच नसतो आणि एका अर्थी साऱ्यांचा असतो. टपरीवाला त्याला पाव टाकतो, शेताचा राखणदार रोटीचा तुकडा देतो. कोठे निजावे, कोणावर भुंकावे आणि कोणापासून चार हात दूर राहावे, हे मात्र तो स्वतःच ठरवतो. असा पूर्ण वाढ झालेला कुत्रा अपघातात सापडला, त्याची जागा बांधकामात गेली किंवा प्रशासनाने त्याला उचलून आश्रयस्थानात नेले, तर पुढे त्याचे काय करावे? त्याला घर मिळावे असे म्हणणे सोपे आहे. कोणते घर, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत कुत्रा आणि माणूस या दोघांनाही मोजावी लागते.

प्रश्नाचे आजचे स्वरूप

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदली गेली. त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास कुत्री महाराष्ट्रात होती. त्यांच्याशी कसे वागावे याविषयीचे धोरण काळानुसार बदलत गेले. मुंबईत १८३२ साली सरकारी हुकुमाने कुत्री मारण्याची मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाजाने तिला विरोध केला आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतरही दीर्घकाळ ठिकठिकाणच्या नगरपालिका कुत्री मारीतच राहिल्या. त्यायोगे ना कुत्र्यांची संख्या हटली, ना रेबीज हटला. कारण उकिरड्यावर अन्न आहे तोवर रिकाम्या झालेल्या जागेत नवी कुत्री येत राहतात. पुढे २००१ सालच्या नियमांनी नसबंदी करून, रेबीजची लस टोचून कुत्र्याला मूळ जागी सोडण्याची पद्धत देशभर लागू केली. २०२३ साली या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा मिळाली.

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशात या प्रश्नाने २०२५ साली एकाएकी तीव्र रूप धारण केले. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली व लगतच्या शहरांतील रस्त्यांवरची कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवावीत, असा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्य पीठाने त्यात बदल केला. रेबीज झालेली अथवा आक्रमक वृत्तीची कुत्री वगळून इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर त्यांच्या जागी परत सोडावे, असे ठरले आणि प्रकरणाची व्याप्ती संपूर्ण देशापर्यंत वाढविण्यात आली. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा; मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची राहील, हेही त्याच आदेशात नमूद होते. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवावीत व ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असे फर्मावले गेले.

पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. अशा आदेशांचा एक परिणाम उघड आहे. वर्षानुवर्षे मोकळी वाढलेली प्रौढ कुत्री आश्रयस्थानांच्या जाळीआड येतात, आणि त्यांच्यासाठी घरे शोधण्याचे काम संस्थांवर व सामान्य नागरिकांवर येऊन पडते. घर मागणाऱ्याला बहुधा पिल्लू हवे असते. प्रत्यक्षात मिळतो तो चार-पाच वर्षांचा, स्वतःच्या मताचा प्राणी.

अशा प्राण्याकडे केवळ दयेने पाहणे पुरेसे नाही. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले सातव्या महिन्यापर्यंत, म्हणजे प्रजननक्षम वयापर्यंत जगल्याचे आढळले. बहुतांश मृत्यूंना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारणीभूत होता. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यावरून ध्यानात येईल की, रस्त्यावरचा प्रौढ कुत्रा पाचांत एक अशा प्रमाणात तगलेला जीव असतो. वाहन ओळखणे, माणसाची चाल ओळखणे, भांडण टाळणे, उन्हात सावली आणि थंडीत ऊब शोधणे या विद्या त्याने कोणी शिकविल्यावाचून आत्मसात केलेल्या असतात.

स्वातंत्र्य म्हणजे काय?

कुत्रा म्हणजे धन्याच्या मुखाकडे पाहत बसणारा, हाक मारताच धावत येणारा प्राणी, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. ती काही जातींच्या बाबतीत खरी आहे, कारण त्या जाती माणसाच्या इशाऱ्यावर काम करण्यासाठीच पैदास केल्या गेल्या. परंतु कुत्र्यांच्या कामांचा इतिहास याहून व्यापक आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यातील कारवान अथवा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा नजरेने सावज हेरतो आणि वाऱ्याच्या वेगाने त्यामागे सुटतो. त्या क्षणी मालक मैलभर मागे असतो. निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. या मुधोळ कुत्र्याचे चित्र भारतीय डाक विभागाने २००५ साली टपाल तिकिटावर छापले. धनगराच्या मेंढरांची राखण करणारा कुत्राही रात्रीच्या अंधारात लांडग्याची चाहूल लागताच आज्ञेची वाट पाहत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रेमंड व लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा राखणदार कुत्र्यांचा अभ्यास केला. ज्यांच्या सहवासात पिल्लू वाढते त्यांनाच ते आपले मानते, आणि मेंढरांत वाढलेला कुत्रा माणसापेक्षा मेंढरांशी अधिक जोडलेला राहतो, असे त्यांना दिसून आले. जगातील बहुसंख्य कुत्री कोणाच्याही घरात राहत नाहीत, वस्तीच्या कडेने स्वतंत्रपणे जगतात, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. तेव्हा ज्याला आपण ‘भटका’ म्हणतो तोच संख्येच्या दृष्टीने जगातला सामान्य कुत्रा होय.

आपल्या परंपरेतही या कुत्र्याची जाण आढळते. महाभारतात युधिष्ठिराच्या अखेरच्या प्रवासात त्याच्यामागून चालणारा कुत्रा कोणी बांधून आणलेला नव्हता. तो आपखुशीने आला होता, आणि त्याला सोडून स्वर्गात जाणे युधिष्ठिराने नाकारले. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा कोरडी भाकरी त्याला बाधू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. दोन्ही कथांत कुत्रा मोकळा आहे आणि नाते जोडण्याचा भार माणसाने उचलला आहे. प्रौढ कुत्र्याला घरी आणू इच्छिणाऱ्याने हीच वृत्ती अंगी बाणविली पाहिजे.

भीती, व्याधी आणि स्वभाव

तथापि, दूर राहणारा प्रत्येक कुत्रा स्वतंत्र बाण्याचाच असतो असे नाही. कुत्रा माणसाजवळ येत नाही याची तीन निरनिराळी कारणे असू शकतात, आणि त्यांची गल्लत झाली की घराची निवड चुकते.

पहिले कारण भीती. १९६१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बंदिस्त कुरणात पिल्लांना माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढविले आणि निरनिराळ्या वयांत त्यांना थोडथोडा मानवी सहवास दिला. पहिल्या काही आठवड्यांत ज्यांना हा सहवास मिळाला ती सहज माणसाळली; चौदा आठवडे ज्यांना तो मिळालाच नाही ती रानटी वृत्तीचीच राहिली. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनीही आपल्या १९६५ सालच्या ग्रंथात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळाचे हे महत्त्व सविस्तर दाखविले. म्हणून कुत्र्याचे बालपण कोठे गेले याची चौकशी करणे जरूर आहे. चहाच्या टपरीखाली जन्मलेले पिल्लू आणि निर्जन गोदामामागे जन्मलेले पिल्लू चार वर्षांनंतर सारखेच अबोल दिसले, तरी त्यांच्या मनाची घडण एक नसते.

दुसरे कारण व्याधी. गोचिडांमुळे होणारा ताप, जुना अस्थिभंग, दातांचे दुखणे, कानातील पू, मोकळ्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ यांपैकी काहीही असले तरी कुत्रा एकलकोंडा होतो, स्पर्श टाळतो, प्रसंगी गुरगुरतो. यांतील बहुतेक विकार औषधोपचाराने आटोक्यात येतात. पशुवैद्याने तपासल्याखेरीज कुत्र्याला ‘तुसडा’ ठरविणे अन्यायाचे होईल.

तिसरे कारण स्वभाव, आणि हेच खरे स्वातंत्र्य होय. असा कुत्रा माणसाला घाबरत नाही. तो जवळून जातो, वास घेतो, क्षणभर उभा राहतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्याचे शरीर सैल असते, शेपूट पायांत गेलेली नसते, दिलेले अन्न तो समोरच खातो. हाक ऐकू आल्याचे त्याच्या कानांच्या हालचालीवरून कळते. परंतु यावयाचे की नाही हे तो स्वतः ठरवितो.

भीतीच्या पडद्याआड बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही दडून राहतात, हे कोलकात्याच्याच संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसते. दोन झाकलेल्या वाडग्यांपैकी एकाकडे बोट दाखविले असता रस्त्यावरची निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली त्यांपैकी मात्र सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी दाखविलेल्या वाडग्याचीच निवड केली. त्यांना कोणी शिकविले नव्हते. त्याआधी २०१७ साली याच गटाने दाखविले होते की, अनोळखी माणसाविषयी टिकाऊ विश्वास निर्माण करण्यास वारंवार दिलेल्या अन्नापेक्षा वारंवार केलेले प्रेमळ गोंजारणे अधिक उपयोगी पडते. तात्पर्य, स्वतंत्र कुत्र्याला माणूस नकोसा असतो ही समजूत चुकीची आहे. त्याला माणूस हवा असतो, परंतु आपल्या वेळेला आणि आपल्या अटींवर.

कुत्र्याची पारख

घर शोधण्यापूर्वी कुत्र्याची नीट ओळख करून घ्यावी. एका भेटीत हे साधत नाही. आश्रयस्थानातील कोलाहलात शहाणा कुत्राही बावरतो. म्हणून शक्य असेल तर काही आठवडे त्याला एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी तात्पुरते ठेवावे आणि त्याच्या वागण्याची साधी नोंदवही ठेवावी. मुले धावत गेली तर तो काय करतो? इतर कुत्री दिसताच खेळतो, दुर्लक्ष करतो की अंगावर जातो? मांजर अथवा कोंबडी दिसली तर केवळ पाहतो की दबा धरतो? खात असताना कोणी जवळून गेले तर ताठ होतो काय? एकटा राहिला असता निजतो की दार ओरबाडतो? जिना, लिफ्ट, फटाके, प्रेशर कुकरची शिट्टी यांना तो कसा सामोरा जातो?

या नोंदी जशा असतील तशा लिहाव्यात. घर लवकर मिळावे म्हणून ‘अत्यंत प्रेमळ, मुलांत मिसळणारा’ असे सरसकट वर्णन करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून पुढे कुत्राच गोत्यात येतो. मुलाने मिठी मारताच गुरगुरणारा कुत्रा तशा घरी गेला, तर एखाद्या दिवशी चावा घेतो; आणि चावलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे अत्यंत कठीण असते. खरे वर्णन वाचून दहा माणसे मागे फिरली तरी हरकत नाही. अकरावे माणूस समजून-उमजून पुढे येते.

प्रौढ कुत्र्याचा मोठा लाभ येथेच आहे. पिल्लू मोठेपणी कसे होईल हे कोणी सांगू शकत नाही. प्रौढ कुत्रा जसा आहे तसा समोर उभा असतो. त्याची उंची, बळ, आवाज, आवडीनिवडी या गोष्टी ठरून गेलेल्या असतात. जोडी जुळविणाऱ्याने डोळे उघडे ठेवले तर अंदाज सहसा चुकत नाही.

घराची पारख

कुत्र्याप्रमाणेच घराचीही पारख व्हावी लागते. बंगला मोठा आहे, पैसा आहे, एवढ्यावरून घर योग्य ठरत नाही. घरातील सर्व माणसांची संमती आहे काय, हा पहिला प्रश्न. एकाच्या हट्टाने आलेला कुत्रा, तो एक जण नोकरीनिमित्त परगावी गेला की पोरका होतो. भाड्याचे घर असल्यास मालकाची लेखी परवानगी असावी. कुत्र्याची नोंदणी कोठे व कशी होते याची चौकशी करावी; दिल्लीत १९५७ च्या महापालिका कायद्यानुसार ही नोंदणी आवश्यक आहे. चार वर्षांचा निरोगी देशी कुत्रा नीट सांभाळला तर आणखी आठ-दहा वर्षे सहज जगतो. तेवढ्या मुदतीचा विचार घरच्यांनी केलेला असावा.

त्यानंतरचे प्रश्न स्वभावाचे आहेत. घरच्यांना कुत्र्याकडून काय हवे आहे? मांडीवर बसणारा, सतत लाड करून घेणारा सोबती हवा असेल, तर स्वतंत्र कुत्रा त्यांची निराशा करील आणि त्या निराशेचा ताप त्यालाच सोसावा लागेल. एकाच खोलीत दोन जीवांनी आपापले काम करीत, एकमेकांना न छेडता संध्याकाळ घालवावी यात ज्यांना सुख वाटते, अशी माणसे या कुत्र्याला मानवतात. पुस्तके वाचणारे, बागकाम करणारे, घरी बसून काम करणारे, वयस्क परंतु हिंडते-फिरते लोक अनेकदा या कसोटीला उतरतात. अगदी लहान मुलांचे, पाहुण्यांची सतत वर्दळ असलेले घर बहुधा उतरत नाही.

जागेचा विचारही आहेच. कुंपण पाच-सहा फुटांचे व खालून बंद असावे. रस्त्यावर वाढलेला कुत्रा भिंत ओलांडण्यात आणि माती उकरण्यात तरबेज असतो. मोठे अंगण नसले तरी चालते, पण दिवसातून दोन वेळा लांबवर फिरवून आणणारा माणूस मात्र हवा. अंगण आहे म्हणून कुत्र्याला तेथे साखळीने बांधून ठेवावयाचे असेल, तर असे घर नाकारावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे हा अपराध मानला आहे, आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवून न आणणे याचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. मोकळेपणी जगलेल्या प्राण्याच्या वाट्याला साखळी आली, तर त्याला रस्त्यावरून उचलण्यात त्याचे कोणते हित साधले?

एक कल्पित उदाहरण

समजा, काला अंबच्या परिसरात राहणारी चार वर्षांची एक कुत्री राजमार्गावर वाहनाच्या धक्क्याने जखमी झाली. तिचा पाय बरा झाला, नसबंदी व लसीकरण झाले. परंतु ती किंचित लंगडते आणि राजमार्गालगतची तिची जागा आता तिला सुरक्षित राहिलेली नाही. ती माणसांना भीत नाही, अंगाशी येत नाही, इतर कुत्र्यांशी तिचे पटते, कोंबड्यांमागे मात्र लागते. तिच्यासाठी तीन घरांकडून विचारणा झाली.

पहिले घर गुरुग्राममधील चौदाव्या मजल्यावरचे. आईवडील दिवसभर कामावर, तीन व पाच वर्षांची मुले, प्रेम उदंड. दुसरे घर सोनीपतजवळच्या शेतावरचे. मालक प्राण्यांची आवड असलेला, जागा विस्तीर्ण, कुंपण नाही, कोंबड्यांचा धंदा. तिसरे घर पानिपत शहरातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे. घर जुने, मध्ये छोटा चौक, घरात आधीपासून एक म्हातारा शांत कुत्रा, सकाळ-संध्याकाळ फिरण्याचा दोघांचा नेम.

भावनेच्या भरात पहिले घर निवडले जाईल, आणि ‘तिला मोकळी जागा हवी’ या तर्काने दुसरे. विचारपूर्वक पाहता तिसरेच योग्य ठरते. पहिल्या घरात तिला लिफ्ट, दिवसभराचा एकांत आणि मुलांच्या मिठ्या हे तिन्ही एकदम सोसावे लागले असते. दुसऱ्या घरात कोंबडी मारल्याचा दोष पहिल्याच आठवड्यात तिच्या माथी आला असता, आणि कुंपण नसल्याने ती पुन्हा रस्त्यावर पोहोचली असती. तिसऱ्या घरी जागा लहान आहे. परंतु वर्दळ कमी आहे, दिनक्रम ठरलेला आहे, आणि नवख्या कुत्रीला घराच्या रीती दाखविण्यास एक जाणता कुत्रा आहे. भित्र्या वा अबोल कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याची सोबत माणसाच्या समजावणीपेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. या उदाहरणातून एवढेच दाखवावयाचे आहे की, घराचे मोजमाप चौरस फुटांत करता येत नाही.

पहिले दिवस

योग्य घर मिळाल्यानंतरही सुरुवातीचा काळ कसोटीचा असतो. या क्षेत्रात काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा गोंधळलेला असतो. कोपरा धरून बसतो, खात नाही किंवा केवळ रात्री खातो. तीन आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम कळतो. तीन महिन्यांत तो घराला आपले मानू लागतो. स्वतंत्र वृत्तीच्या कुत्र्याला याहून अधिक काळ लागला तर नवल मानू नये.

या काळात त्याला निवांत कोपरा द्यावा. उत्तर हिंदुस्थानातील पौष-माघाच्या थंडीत जुन्या ब्लँकेटाची घडी आणि वैशाखात सावलीतली गार फरशी त्याला पुरते. पाहुण्यांना बोलावून त्याचे प्रदर्शन मांडू नये. त्याच्याकडे टक लावून पाहणे, डोक्यावरून हात फिरविणे, त्याच्या अंगावर वाकणे टाळावे. जमिनीवर बाजूला बसावे, आपले काम करावे आणि त्याने जवळ येण्याची वाट पाहावी. तो आला तर छातीवर वा मानेच्या बाजूला क्षणभर खाजवावे आणि हात काढून घ्यावा. त्याने पुन्हा अंग पुढे केले तर तेच त्याचे उत्तर समजावे.

याच दिवसांत कुत्रा निसटून जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. नव्या घराला तो अजून घर मानत नाही, आणि जुन्या जागेचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. म्हणून गळपट्टा आणि छातीपट्टा असे दोन्ही बांधूनच त्याला बाहेर न्यावे, पट्ट्याला दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला असावा, आणि दार उघडताना मधले दार बंद असावे. घरात शी-शू न करण्याची सवय प्रौढ कुत्र्याला पिल्लापेक्षा लवकर लागते, कारण निजण्याची जागा स्वच्छ ठेवण्याची त्याची रीत आधीपासून असते. चूक झाली तर मारू नये. जागा पुसून घ्यावी आणि बाहेर नेण्याच्या वेळा वाढवाव्यात.

लसीकरणाची तारीख घरातल्या सर्वांना पाठ असावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, परंतु लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. घरच्या वा बाहेरच्या कोणत्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. कुत्रा आपला आहे, लस टोचलेली आहे, या भरवशावर हयगय करू नये.

घर जमले नाही तर

सर्व काळजी घेऊनही काही जोड्या जमत नाहीत. म्हणून कुत्रा देतानाच त्याला परत घेण्याची तयारी देणाऱ्याने ठेवली पाहिजे आणि तसे लेखी कळविले पाहिजे. ‘नाही जमले तर आमच्याकडेच आणा, अन्यत्र सोडू नका’ हे एक वाक्य अनेक कुत्र्यांचे प्राण वाचविते. परत आलेल्या कुत्र्यावर नापास झाल्याचा शिक्का मारण्याचे कारण नाही. त्याच्या नोंदवहीत भर पडलेली असते, आणि पुढचे घर अधिक अचूकपणे निवडता येते.

आणि काही कुत्री अशीही असतात की, चार भिंतींचे कोणतेही घर त्यांना मानवत नाही. बंद खोलीत ती खाणे सोडतात, दारे ओरबाडून पंजे रक्तबंबाळ करून घेतात. त्यांच्या बाबतीत घर या शब्दाचा अर्थ थोडा व्यापक करावा लागतो. कुंपण असलेली रोपवाटिका, गोशाळेचे आवार, रात्रपाळीचा राखणदार असलेली गिरणी अशा ठिकाणी कुत्रा दिवसा मोकळा फिरतो, रात्री आडोशाला निजतो, आणि ठरलेला एक माणूस त्याच्या अन्नाची, लसीची व औषधाची जबाबदारी नावानिशी घेतो. नियमांनी मुभा असेल तेथे नसबंदी व लसीकरण होऊन आपल्याच गल्लीत परतणे, आणि गल्लीने त्याला ओळखून सांभाळणे, हाही त्याच्यासाठी रास्त मार्ग आहे. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. त्या करुणेचे रूप प्रत्येक प्राण्यासाठी एकच असावे, असा मात्र कोठे दंडक नाही.

योग्य घराची खूण साधी आहे. तेथे कुत्र्याला दार उघडे दिसते तेव्हा तो उंबऱ्यापर्यंत जातो, बाहेरचा वास घेतो, कान टवकारतो आणि आपल्या आपण आत वळून आपल्या जागी येऊन निजतो. अशा निजण्याला काही महिने लागतात. तेवढे दिवस ज्या घरात त्याची वाट पाहिली जाते, त्याच घराची निवड करावी.